विंडोज ११ वर गेल्यापासून डिस्क १०० टक्के: दुखणं डिस्कचं की विंडोजचं?

लेथ_उद्यमनगर

मंडळी, मदत हवी आहे. वर्कशॉपच्या ऑफिसमधला डेस्कटॉप आहे: आय३-८१००, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क ७२०० आरपीएमची, २०१९ ची खरेदी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून फॉरमॅट न करता आहे त्यावरच विंडोज ११ घेतलं. तेव्हापासून लॉगिन झाल्यावर वीसेक मिनिटं काही हलत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, पण स्पीड बघायला जावं तर १-२ एमबी. टॅलीत व्हाउचर सेव्ह करताना गोल फिरत बसतं. दुपारनंतर जरा बरं चालतं, तरी मधेच सगळं थिजतं ते थिजतंच. एकजण म्हणतो फॉरमॅट मारा, दुसरा म्हणतो डिस्क गेली. काही करण्याआधी नेमकं काय तपासायचं ते सांगा की.

सर्किट_शाहूपुरी

दादा, फॉरमॅट आत्ता अजिबात नको. आधी डिस्क नुसती कामात अडकली आहे की आजारी आहे, एवढं ठरवू. दोन्हींत स्क्रीनवर तोच लाल १०० टक्के दिसतो, पण उपाय एकमेकांच्या उलटे आहेत.

तो १०० टक्के आकडा वेगाचा नाही. गेल्या सेकंदात डिस्क किती वेळ कामात होती, एवढंच तो सांगतो. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी एक फेरा ८.३३ मिलिसेकंदात मारते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. हेड त्या ट्रॅकवर न्यायला आणखी ९ च्या आसपास. एका तुकड्यामागे साधारण १३ मिलिसेकंद गेले, म्हणजे सेकंदाला पंचाहत्तरेक तुकडे. तुकडा ४ केबीचा असेल तर हिशेब ३०० केबीवर येतो. हीच डिस्क एक मोठा व्हिडिओ सलग कॉपी करताना दीडशे एमबीपर्यंत जाते. म्हणून सुट्या सुट्या बारक्या फाइली वाचताना १०० टक्के आणि १-२ एमबी दिसणं हे निरोगी हार्डडिस्कचंही लक्षण असू शकतं.

टास्क मॅनेजर → परफॉर्मन्स → डिस्कवर जा आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ लिहून काढा. पण सकाळच्या गर्दीतला आकडा घेऊ नका. रांगेत तीस मागण्या उभ्या असतील तर चांगली डिस्कही ४०० मिलिसेकंद दाखवते. मशीन शांत झाल्यावर एखादी फाइल उघडून बघा: १० ते २५ मिलिसेकंद म्हणजे ठीक. शांततेतही मधेच हजारांत उडी मारत असेल तर डिस्क कुठेतरी अडखळते आहे.

दुसरं, क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम आहे. त्यात आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, दिसतात. फंक्शन → ॲडव्हान्स्ड फीचर → रॉ व्हॅल्यूज मध्ये जाऊन दशमान करून घ्या, नाहीतर १६ ला १० समजण्याचा घोळ होतो. मग ०५ (राखीव जागेवर हलवलेले सेक्टर), सी५ (निकाल राहिलेले), सी६ (वाचता न आलेले) आणि सी७ (वायरीवरच्या चुका) या चार ओळींचे रॉ आकडे इथे टाका. डिस्क सीगेटची असली तर ०१ आणि ०७ समोर भलेमोठे आकडे दिसतील. त्यांनी घाबरू नका, ती कंपनी त्या ओळींत एकूण ऑपरेशन्सही भरते.

बिट_कागल

माझ्या मते सिसमेन आणि विंडोज सर्च या दोन सर्व्हिस बंद केल्या की प्रश्न मिटतो. सर्व्हिसेस → सिसमेन → डिसेबल्ड. सगळीकडे हाच उपाय लिहिलेला असतो.

पंचगंगाकाठ

भावा, तो उपाय तपासणीपुरता चालेल, कायमचा नको. सिसमेन फक्त ‘स्टॉप’ कर, डिसेबल करू नको, आणि पाच मिनिटं डिस्कचा आलेख बघ. खाली आला तर निदान कळलं. नाही आला तर सिसमेनचा संबंध नाही. हार्डडिस्कवर सिसमेनचा फायदाच असतो, तो नेहमीचे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवतो. मात्र ४ जीबी रॅममध्ये आणून ठेवायला जागाच नसते, त्यामुळे आत-बाहेर चालू राहतं. विंडोज सर्च बंद केलं तर स्टार्ट मेनूतलं आणि आउटलुकमधलं शोधणं लंगडं पडतं. त्यापेक्षा इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जाऊन ड्रॉइंग आणि टॅलीचे फोल्डर तेवढे यादीतून काढा.

आता लेथदादा, अपग्रेडनंतर सकाळीच का अडतं ते सांगतो, कारण आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये हे हमखास होतं. नवं विंडोज आलं की मागे बरीच कामं उरतात: सर्चचा इंडेक्स नव्याने बांधणं, डिफेंडरची तपासणी, डॉटनेटचं कंपायलेशन, स्टोअरमधल्या ॲपचे अपडेट. शिवाय जुनं विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये साधारण दहा दिवस पडून असतं, मग आपोआप पुसलं जातं. ही कामं करायला ऑटोमॅटिक मेंटेनन्सची ठरलेली वेळ रात्री २ ची. उद्यमनगर काय, शिरोली काय, ऑफिसचा पीसी संध्याकाळी बंद होतो आणि भिंतीवरचं बटणही बंद होतं. मेंटेनन्सला रात्र मिळतच नाही. मग राहिलेलं काम सकाळी, तुम्ही चलन काढायला बसता त्याच वेळी सुरू होतं.

म्हणून डिस्क चांगली निघाली तर एवढंच करा: पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’, स्क्रीन बंद झाली तरी चालेल, यूपीएस चालू, आणि एक-दोन रात्री मशीन चालू ठेवा. पण हे डिस्क चांगली निघाली तरच. सी५ चा आकडा येईपर्यंत रात्रभर चालवू नका.

लेथ_उद्यमनगर

आकडे घेतले. ०५ = ०, सी५ = ८, सी६ = ८, सी७ = २१२. मशीन शांत असताना रिस्पॉन्स टाइम १५ ते २० दाखवतो, पण थिजतं तेव्हा ४ हजार, एकदा ९ हजारांपर्यंत गेला. क्रिस्टलडिस्कइन्फो वर पिवळं ‘कॉशन’ दाखवतंय. ८ म्हणजे फार नाही ना?

सर्किट_शाहूपुरी

मग चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. आता या मशीनवर डिफ्रॅग, चेकडिस्क, फॉरमॅट यांतलं काहीही करू नका. आधी बॅकअप.

सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचे राहिलेले सेक्टर. आजच्या डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, पण ती विंडोजला ५१२ चे तुकडे दाखवते. ४०९६ भागिले ५१२ म्हणजे ८. त्यामुळे तुमचे ८ हे बहुधा तबकडीवरच्या एकाच जागेचे आहेत. जागा एक असली तरी तिचा ताप मोठा. साधी डेस्कटॉपची डिस्क न वाचता आलेला सेक्टर लगेच सोडून देत नाही, पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. तेवढा वेळ मागची सगळी रांग थांबते. तुमचे ४ हजार, ९ हजार मिलिसेकंद तिथले आहेत.

अपग्रेडने डिस्क बिघडवली असं म्हणता येणार नाही. कुणी वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाइली इंडेक्सर आणि डिफेंडर अपग्रेडनंतर पुन्हा एकदा उघडून बघतात. खराब जागा जर अशा जुन्या फाइलखाली असेल तर विंडोज १० मध्ये तिच्याकडे कुणी फिरकतच नव्हतं. कुठली फाइल ते बघता येतं: रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्क टॅब, ‘डिस्क ॲक्टिव्हिटी’मध्ये रिस्पॉन्स टाइमच्या शीर्षकावर क्लिक करून मोठे आकडे वर आणा, आणि थिजेल तेव्हा सर्वांत वरच्या ओळीतली फाइल टिपून घ्या. सोबत इव्हेंट व्ह्यूअर → विंडोज लॉग्ज → सिस्टिम. तिथे सोर्स ‘डिस्क’ आणि क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे मागणी पुन्हा करावी लागली. सोर्स ‘स्टोरएएचसीआय’ आणि १२९ असेल तर विंडोजने वाट बघून शेवटी डिस्कला रिसेट दिला.

सी७ चे २१२ ही वेगळी गोष्ट. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वायरीवर डेटा चुकीचा पोचला, त्या वेळा त्यात मोजल्या जातात. हा आकडा पुन्हा शून्य होत नाही, त्यामुळे जुनाही असू शकतो. आज लिहून ठेवा, दोन दिवसांनी बघा. वाढला तर साटा केबल बदला. क्लिपवाली घ्या आणि बोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरा.

लेथ_उद्यमनगर

वरच्या ओळीत दोन नावं येतात. एक पेजफाइल, ती जवळजवळ सतत. दुसरी २०२० च्या टॅली डेटाच्या फोल्डरमधली एक फाइल. थिजतं तेव्हा हमखास तीच. इव्हेंटमध्ये ७ आणि १५३ दोन्ही आहेत, १२९ नाही. बॅकअप कसा घेऊ? नुसता कॉपी-पेस्ट करायला गेलं की त्या फाइलवर अडकून बसतंय.

पंचगंगाकाठ

क्रम असा लावा. सध्याच्या वर्षाची कंपनी टॅलीप्राइममध्ये उघडून ऑल्ट+वाय → बॅकअप, थेट पेनड्राइव्हवर. मग ड्रॉइंग. मग बाकी कागदपत्रं. तो २०२० चा फोल्डर सगळ्यात शेवटी, कारण त्याला हात लावला की डिस्कची झटापट सुरू होणार.

कॉपी-पेस्ट सोडा, रोबोकॉपी ही विंडोजचीच कमांड वापरा. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: रोबोकॉपी अडलेल्या फाइलसाठी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबते. आजारी डिस्कवर ही सेटिंग घातक. कमांडच्या शेवटी स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ लिहा, म्हणजे एकदाच पुन्हा प्रयत्न, एक सेकंद थांबून, आणि पुढे. उपफोल्डरसकट हवं तर स्लॅश ई. शेवटी ती ‘फेल्ड’ रकान्यात किती फाइली राहिल्या ते सांगते.

त्या एका फाइलवाचून अडत असेल तरच डीडीरेस्क्यू, आजारी डिस्कवरून डेटा काढायचा प्रोग्रॅम. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून पहिली फेरी वाईट जागा खरवडत न बसता करायची, चांगला भाग आधी काढून घ्यायचा. दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न. मॅप फाइल, म्हणजे कुठवर वाचून झालं त्याची नोंद, वेगळ्या डिस्कवर ठेवायची, नाहीतर मधे लाइट गेली तर पहिल्यापासून सुरुवात. आणि १ टीबीची पूर्ण इमेज ठेवायला तेवढीच मोकळी जागा लागते.

बिट_कागल

चेकडिस्क स्लॅश आर ने ती जागा बाजूला पडणार नाही का?

सर्किट_शाहूपुरी

पडेल, पण कशाच्या बदल्यात ते बघ. स्लॅश आर अख्खा १ टीबी वाचून काढतो, म्हणजे आजारी डिस्कला कित्येक तास सलग पळवायचं. त्यात न वाचता आलेला भाग फाइलमधून तोडला जातो. टॅलीच्या डेटा फाइलमधला मधलाच ४ केबी गेला तर ती कंपनी उघडेलच याची खात्री नाही. बॅकअप हातात आल्यावर हवं ते करा, त्याआधी नाही.

लेथ_उद्यमनगर

रोबोकॉपीने सगळं आलं, ‘फेल्ड’मध्ये तीच एक फाइल राहिली. त्या वर्षाचा बॅकअप सीएच्या ऑफिसात आहे, त्यामुळे ती चिंता नाही. आता पुढची जोडणी काय लावू? हार्डडिस्कच नवी घेऊ की एसएसडी? आणि आहे ते विंडोज जसंच्या तसं क्लोन करू का?

सर्किट_शाहूपुरी

विंडोजसाठी एसएसडीच घ्या. विंडोज ११ ला मागे बारक्या बारक्या फाइलींची कामं इतकी असतात की सी ड्राइव्ह फिरत्या तबकडीवर ठेवणं आता मला पटत नाही, डिस्क कोरी करकरीत असली तरी. तुमच्या कामाला ५०० जीबी पुष्कळ. बोर्डवर एम.२ ची जागा असेल तर मॅन्युअलमध्ये ती साटा घेते की एनव्हीएमई ते वाचून मगच घ्या. आकार सारखा दिसतो, पण चुकीची बसवली तर बायोसमध्ये दिसतच नाही. शंका असेल तर साधी २.५ इंची साटा एसएसडी घ्या. ५५० एमबीच्या आसपास सलग वेग, आणि बारक्या फाइलींसाठी तर हार्डडिस्कशी तिची तुलनाच नाही.

क्लोन नको. आजारी डिस्कवरून क्लोन करताना तो खराब सेक्टर पुन्हा वाटेत येणार, आणि १ टीबीवरून ५०० जीबीवर जाताना पार्टिशन आधी आवळावं लागणार, म्हणजे त्याच डिस्कवर आणखी हलवाहलव. नवं इन्स्टॉल करा. विंडोज ११ या मशीनवर ॲक्टिव्हेट झालेलं आहे, डिजिटल लायसन्स बोर्डशी जोडलेलं असतं. इन्स्टॉल करताना ‘माझ्याकडे की नाही’ निवडून तीच आवृत्ती घ्या, होम असेल तर होम. इंटरनेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा.

इन्स्टॉल करताना जुन्या हार्डडिस्कची साटा केबल काढूनच ठेवा. दोन्ही जोडलेल्या असतील तर इन्स्टॉलर बऱ्याचदा बूटचं पार्टिशन जुन्या डिस्कवरच वापरतो. विंडोज एसएसडीवर, बूट हार्डडिस्कवर, आणि पुढे हार्डडिस्क काढली की मशीन चालूच होत नाही. मग लोक एसएसडीला दोष देतात.

आणखी एक. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नवं इन्स्टॉल केलं की बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप, आपोआप चालू होतं. सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये बघा. चालू ठेवायचं तर रिकव्हरी की कागदावर उतरवून फायलीत लावा. उद्या बोर्ड बदलला तर तीच मागणार.

पंचगंगाकाठ

त्यांच्या पेजफाइलकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतंय. रॅममध्ये न मावलेलं विंडोज तिच्यात ठेवतं. ती सतत वर येते, याचा अर्थ रॅम अपुरी आहे. टास्क मॅनेजर → मेमरीमध्ये ‘कमिटेड’चा पहिला आकडा बघा, तो ४ जीबीच्या वर असेल तर उरलेलं ओझं डिस्कच उचलते आहे. एसएसडी घालून हे लपेल, मिटणार नाही. आय३-८१०० ला डीडीआर४ २४०० लागते. बोर्डवर दुसरा स्लॉट रिकामा असेल तर आणखी एक ४ जीबी टाका, ड्युअल चॅनेलही मिळेल. पेजफाइल बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ४ जीबीवर टॅली आणि ब्राउझर एकत्र उघडले की प्रोग्रॅम आपोआप बंद पडायला लागतील.

आणि तो पीसी ठेवला कुठे आहे? केबिनच्या भिंतीपलीकडे पॉवर प्रेस आहे का?

लेथ_उद्यमनगर

प्रेस आहे, आणि पीसी टेबलाखाली फरशीवरच.

पंचगंगाकाठ

तिथून उचला. प्रेसचा प्रत्येक ठोका फरशीतून कॅबिनेटमध्ये जातो. हेड ट्रॅकवरून किंचित हललं की वाचन फसतं आणि डिस्कला तीच जागा पुन्हा येईपर्यंत आणखी एक पूर्ण फेरा, ८.३३ मिलिसेकंद, थांबावं लागतं. लिहिताना हलली तर प्रकरण आणखी वाईट. हार्डडिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसवलेली असावी. घाईत दोनच लावलेले बरेचदा दिसतात. ३.५ इंची डिस्कला ६-३२ चे जाड आट्यांचे स्क्रू लागतात, २.५ इंचीला एम३. एकाच्या जागी दुसरा दामटू नका, आटे जातात. कॅबिनेटखाली जाड रबर पॅड घाला आणि ते भिंतीपासून लांब ठेवा. एसएसडीला थरथरीचं काही नाही, पण पंख्यांना आणि साटा केबलच्या टोकाला आहे. तुमच्या सी७ चे २१२ तिथूनच आले असण्याची शक्यता मला दिसते.

शक्य झालं तर एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तोही तपासून घ्या. डिस्कला जाणाऱ्या पिवळ्या वायरीवर मल्टिमीटरने ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. मशीनवर काम चालू असताना मोजा, मोकळ्या मशीनवर सगळं बरोबरच दिसतं.

डीटीपी_लक्ष्मीपुरी

विषय जवळचा आहे म्हणून इथेच विचारते. छापखान्यातला जुना २१.५ इंची आयमॅक, आत १ टीबी हार्डडिस्क. मॅकओएस मोजावेवर नेल्यापासून फोल्डर उघडायलाही वेळ लागतो. डिस्क युटिलिटी डिस्क ठीक म्हणते. हेच कारण असेल का?

सर्किट_शाहूपुरी

ताई, तुमचं वेगळं. मोजावे, म्हणजे १०.१४, डिस्कची फाइल सिस्टिम एपीएफएस करून टाकतं. आधीच्या हाय सिएरात ते फक्त एसएसडीला होत होतं. एपीएफएस बदललेला भाग जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिते. एसएसडीवर ते छान चालतं, पण फिरत्या डिस्कवर फोल्डरची माहिती इकडेतिकडे विखुरते आणि हेडला प्रत्येक तुकड्यासाठी धावावं लागतं. त्यात या मॉडेलांत डिस्क बहुधा लॅपटॉपची, ५४०० आरपीएमची असते.

२०१२ च्या अखेरीपासूनच्या आयमॅकची काच चिकटवलेली आहे, ती उघडत बसू नका. त्या मॉडेलांना यूएसबी ३ आहे. बाहेरून यूएसबी ३ ची एसएसडी लावा, डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हाइसेस’ करून ती जीयूआयडी आणि एपीएफएसमध्ये फॉरमॅट करा, तिच्यावर सिस्टिम टाका आणि स्टार्टअप डिस्क म्हणून तीच निवडा. ४०० एमबीपर्यंत वेग मिळतो. केबल मात्र मशीनच्या मागे पट्टीने बांधून टाका, काम चालू असताना निघाली तर सिस्टिम जागच्या जागी बसते.

बिट_कागल

मी वर सर्व्हिसचं लिहिलं तो लॅपटॉप आहे: १ टीबी, ५४०० आरपीएम, ७ मिमी. सी५, सी६ दोन्ही शून्य. अपग्रेडचे पहिले दोन-तीन दिवस लिहिण्याचा वेग अगदी केबीत यायचा.

पंचगंगाकाठ

७ मिमी जाडीत १ टीबी म्हणजे ती बहुधा एसएमआर डिस्क. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. मधला एक बदलायचा तर त्यापुढचा अख्खा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. म्हणून डिस्क नवं लिखाण आधी वेगळ्या भागात साठवते आणि निवांत असताना जागेवर लावते. अपग्रेडमध्ये दहा-वीस जीबी एका दमात लिहिले जातात, तो भाग भरतो आणि वेग कोसळतो. बिघाड नाही. चार्जर लावून, स्लीप बंद करून, काही न करता काही तास सोड, डिस्क आपलं आवरून घेते. २.५ इंची ७ मिमीच्या जागेत साटा एसएसडी सरळ बसते, पुढेमागे तेच कर.

रंकाळा_नेट

स्मार्ट, म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फोतले ते आकडे, पूर्ण स्वच्छ, केबल नवी, तरीही रिस्पॉन्स टाइम हजारांत असेल त्यांच्यासाठी एक जोड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर’ लिहिलेलं असेल तर विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर चालू आहे. काही कंट्रोलरांच्या फर्मवेअरमध्ये दोष असतो. इंटरप्ट, म्हणजे कंट्रोलरकडून येणारे ‘काम झालं’चे इशारे, एमएसआय नावाच्या पद्धतीने आले की मागण्या पूर्ण होतच नाहीत आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकते. विंडोज १० च्या वेळी मायक्रोसॉफ्टनेच हे लिहून ठेवलं आहे. आधी बोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून चिपसेट आणि साटाचा ड्रायव्हर टाका. रजिस्ट्रीत त्या कंट्रोलरखालचं ‘एमएसआय सपोर्टेड’ शून्य करणं हा शेवटचा उपाय, तोही रिस्टोअर पॉइंट घेऊनच. आणि बायोसमध्ये साटाचा मोड ‘रेड’ (RAID) वरून एएचसीआयवर सहज म्हणून बदलू नका, विंडोज पुढच्या वेळी उघडणार नाही.

लेथ_उद्यमनगर

एसएसडी आणि रॅम घ्यायचं ठरवलं. केबल बदलली, पीसी लोखंडी कपाटाच्या बाजूला लाकडी स्टँडवर घेतला. आता जुन्या डिस्कचं काय करू? १ टीबी आहे, टाकून द्यायला जीव होत नाही.

सर्किट_शाहूपुरी

विंडोज नव्या एसएसडीवर नीट चालू झालं, बॅकअपमधल्या फाइली उघडून पाहिल्या, की मग ती जोडा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुनी पार्टिशन काढा, एकच नवं करा आणि फॉरमॅट करताना ‘क्विक’वरची खूण काढा. पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो. लिहिण्याची वेळ आली की डिस्कला त्या राहिलेल्या जागेचा निकाल लावावाच लागतो: जागा घेत असेल तर सी५ शून्यावर येतो, घेत नसेल तर ती राखीव जागेवर हलवली जाते आणि ०५ वाढतो. १ टीबीला अडीच-तीन तास धरा, कारण तबकडीच्या आतल्या बाजूला वेग निम्म्यावर येतो.

नंतर पुन्हा चारही आकडे बघा. सी५ शून्य, ०५ शून्य किंवा अगदी थोडा, आणि महिनाभर स्थिर राहिला तर दुसऱ्या प्रतीसाठी वापरा. एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवू नका, टॅलीची तर मुळीच नाही. फॉरमॅट एका टक्क्यावर खूप वेळ अडून राहिला किंवा आकडे वाढत गेले तर तिथेच थांबवा. मग भंगारात देण्याआधी झाकण उघडून तबकड्या ओरखडा, हिशेबाच्या फाइली त्यावर होत्या.